शून्य सदिशाला दिशा असते का? आणि असेच नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शून्य सदिश पहिल्यांदा भेटतो तो नववीच्या विज्ञानात, अंतर आणि विस्थापन शिकताना. तिथे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. अकरावीच्या फिजिक्समध्ये तो 'झीरो व्हेक्टर' किंवा 'नल व्हेक्टर' होऊन येतो, बारावीच्या गणितात दोन ओळींची व्याख्या होऊन येतो आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पुन्हा उभा राहतो. शंका मात्र दरवेळी त्याच असतात. या पानावर अ, ब, क ही अक्षरं सदिशांसाठी वापरली आहेत. ०⃗ म्हणजे शून्य सदिश आणि साधा ० म्हणजे संख्या.

शून्य सदिश म्हणजे नेमकं काय?

ज्याचं परिमाण (म्हणजे बाणाची लांबी) शून्य आहे तो सदिश. बाण डोळ्यांसमोर आणला तर आरंभबिंदू आणि अंत्यबिंदू एकच. घटकांत लिहिला तर प्रतलात (०, ०) आणि अवकाशात (०, ०, ०).

ही झाली पुस्तकातली ओळख. त्याच्या कामावरून होणारी ओळख वेगळी आहे: कोणत्याही सदिशात मिळवला तरी तो सदिश जसाच्या तसा राहतो, म्हणजे अ + ०⃗ = अ. माझ्या मते हीच खरी व्याख्या धरावी. खालची बरीचशी उत्तरं 'परिमाण शून्य' या शब्दांतून न निघता याच ओळीतून निघतात.

प्रत्यक्षात तो कुठे दिसतो?

४०० मीटरच्या ट्रॅकवर एक पूर्ण फेरी मारा. अंतर ४०० मीटर, पण निघालात तिथेच पोचलात म्हणून विस्थापन ०⃗. माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते आणि परतवारी करून पुन्हा आळंदीला येते. वारकऱ्यांच्या पायांखालून शेकडो किलोमीटर जातात, पालखीचं विस्थापन मात्र ०⃗. सरासरी वेग म्हणजे विस्थापन भागिले काळ, म्हणून या दोन्ही ठिकाणी सरासरी वेगही ०⃗ येतो. सरासरी चाल शून्य येत नाही, कारण ती अंतरावरून काढतात. नववीच्या पेपरात चाल आणि वेग यांचा गोंधळ झाला की गुण जातात ते इथेच.

त्याला दिशा असते का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश बघू.

सदिशाची दिशा काढायचे दोन नेहमीचे मार्ग आहेत. एक, सदिशाला त्याच्या परिमाणाने भागून एकक सदिश काढायचा. दोन, घटकांचं गुणोत्तर घेऊन क्ष-अक्षाशी होणारा कोन काढायचा. शून्य सदिशाच्या बाबतीत दोन्ही मार्ग ० भागिले ० वर येऊन अडकतात आणि ० भागिले ० ला ठरावीक उत्तर नाही.

आता दुसऱ्या बाजूने बघा. पूर्वेकडे जाणारा १ मीटरचा बाण घ्या आणि तो अर्धा, पाव, अष्टमांश असा लहान करत न्या. तो शून्य सदिशाकडे जातो. उत्तरेकडचा बाण असाच लहान करत नेला तर तोही त्याच शून्य सदिशाकडे जातो. नैर्ऋत्येकडचाही. सगळ्या दिशा एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून कुठल्याही एका दिशेला 'हा माझा' असं म्हणता येत नाही.

पुस्तकांत हे तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं: 'दिशा नसते', 'दिशा अनिश्चित असते', 'कोणतीही दिशा मानता येते'. एनसीईआरटीचं बारावीचं गणित यांतले दोन पर्याय देतं: निश्चित दिशा देता येत नाही, किंवा कोणतीही दिशा आहे असं मानता येतं. परीक्षेत तुमच्या पाठ्यपुस्तकातलं वाक्य लिहा आणि पुढे चला. पण काम करायला तिसरा प्रकार सोयीचा पडतो. 'कोणतीही दिशा' असं मानलं की शून्य सदिश प्रत्येक सदिशाला समांतरही ठरतो आणि लंबही ठरतो, आणि मग कित्येक प्रमेयांना 'शून्य सदिश सोडून' अशी शेपटी लावावी लागत नाही. 'वाटेल ती दिशा' हे ऐकायला टाळाटाळ वाटतं, पण त्यामागे असा विचार आहे.

सदिश म्हणजे परिमाण आणि दिशा दोन्ही असलेली राशी. मग दिशा नसलेल्याला सदिश का म्हणायचं?

कारण ती व्याख्या सुरुवातीला हाताला धरून नेण्यापुरती आहे आणि ती दोन्ही टोकांना अपुरी पडते.

एका टोकाला विद्युतधारा आहे. तारेतल्या धारेला परिमाण आहे आणि ती कुठल्या बाजूने वाहते हेही सांगतो, तरी ती अदिश आहे, कारण जोडबिंदूपाशी धारांची बेरीज साध्या संख्यांसारखी होते, तारांमधल्या कोनाचा तिथे संबंध येत नाही. त्याहून गमतीचं उदाहरण फिरवण्याचं. हातातलं पुस्तक टेबलावर तुमच्याकडे तोंड करून ठेवा. आधी उभ्या अक्षाभोवती ९० अंश फिरवा, मग डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या अक्षाभोवती ९० अंश. पुस्तक पहिल्यासारखं ठेवा आणि हाच क्रम उलटा करा. पुस्तक वेगळ्याच स्थितीत येतं. या फिरवण्याला कोन आहे, अक्षाची दिशा आहे, पण अ + ब आणि ब + अ सारखे येत नाहीत, म्हणून मोठ्या कोनांतून होणारं परिभ्रमण सदिश नाही.

म्हणजे सदिश ठरतो तो बेरीज आणि संख्येने गुणाकार या दोन क्रियांच्या नियमांवरून. या नियमांचा स्वच्छ संच इटालियन गणिती जुझेप्पे पेआनो यांनी १८८८ मध्ये मांडला. दुसऱ्या टोकाला आहे शून्य सदिश: बेरीज आली की शून्य टाळता येत नाही. अ − अ किती? उत्तर सदिशांमध्येच हवं. शून्य सदिशाला बाहेर ठेवलं तर वजाबाकीचं पहिलंच गणित अडतं. धन आणि तेवढंच ऋण यांची बेरीज शून्य, हा नियम ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये संख्यांसाठी लिहून ठेवला होता. सदिशांमध्येही गरज तीच आहे.

० आणि ०⃗ यांत एवढा फरक करायची गरज आहे का?

आहे. एक संख्या आहे, दुसरा सदिश आहे. संख्येत सदिश मिळवता येत नाही. उत्तरपत्रिकेत दिसणाऱ्या या ओळी बघा:

अ + (−अ) = ०⃗. इथे साधा ० चूक.
अ आणि ब लंब असताना अ · ब = ०. डॉट प्रॉडक्टचं उत्तर संख्या असते, इथे बाण काढला तर चूक.
अ × अ = ०⃗. क्रॉस प्रॉडक्टचं उत्तर सदिश असतं.
० गुणिले अ = ०⃗. डावीकडे संख्या, उजवीकडे सदिश. सगळ्यांत जास्त घसरायला होतं ते या ओळीवर.
तिन्ही सदिश एका प्रतलात असताना अ · (ब × क) = ०. कंसात सदिश असला तरी बाहेरच्या डॉटमुळे शेवटी संख्याच उरते.

आपलं उत्तर संख्या आहे की सदिश, हे = चिन्ह लिहिण्याआधी ठरवायचं. हस्ताक्षरात बाण काढायचा कंटाळा केलेला परीक्षकाला लगेच दिसतो.

शून्य सदिश एकच असतो की अनेक?

एका सदिश अवकाशात, म्हणजे एकमेकांत मिळवता येणाऱ्या सदिशांच्या एका संचात, एकच. समजा ०⃗ आणि झ असे दोघेही शून्य सदिशाचं काम करतात. मग ०⃗ + झ = ०⃗, कारण झ मिळवून काही बदलत नाही. पण ०⃗ + झ = झ सुद्धा, कारण ०⃗ मिळवूनही काही बदलत नाही. म्हणून दोघे एकच. एवढीच सिद्धता, आणि त्यात परिमाण किंवा दिशा कुठेही आली नाही, हे लक्षात घ्या.

मात्र (०, ०) आणि (०, ०, ०) हे वेगवेगळ्या अवकाशांतले शून्य सदिश आहेत. तसंच शून्य बल आणि शून्य विस्थापन यांचीही बेरीज होत नाही.

आकृतीत कसा दाखवायचा?

ठिपका काढा, बाजूला ०⃗ लिहा.

दोन सदिशांचा डॉट प्रॉडक्ट शून्य आला, म्हणजे ते लंब आहेत ना?

घाई नको. अ · ब = ० असेल तर तीन शक्यता असतात: अ = ०⃗, किंवा ब = ०⃗, किंवा दोन्ही शून्येतर असून एकमेकांना लंब. सीईटीच्या पर्यायांत 'अ आणि ब लंब आहेत' हा पर्याय दिसला की हात तिकडे जातो. प्रश्नात 'शून्येतर सदिश' लिहिलंय का, ते आधी बघा.

एक पाऊल पुढे जाऊ. अ शून्येतर आहे, अ · ब = ० आहे आणि अ × ब = ०⃗ सुद्धा आहे. मग ब कोण? एकाच कोनाच्या ज्या (साइन) आणि कोज्या (कोसाइन) यांच्या वर्गांची बेरीज १ असते, म्हणून डॉट प्रॉडक्टचा वर्ग अधिक क्रॉस प्रॉडक्टच्या परिमाणाचा वर्ग म्हणजे |अ|² गुणिले |ब|². इथे डावी बाजू शून्य आणि |अ| शून्य नाही, तेव्हा |ब| = ०, म्हणजेच ब = ०⃗. याचाच उपयोग करून अ · ब = अ · क आणि अ × ब = अ × क या दोन समीकरणांवरून ब = क ठरवता येतं. दोन्हींपैकी एकच समीकरण दिलं असेल तर अ 'कापून' टाकता येत नाही.

त्रिकोणाच्या बाजूंची बेरीज शून्य कशी? बाजूंना तर लांबी असते.

सदिशांची बेरीज म्हणजे एकामागून एक चालत जाणं. त्रिकोणात प पासून र कडे, र पासून स कडे, स पासून परत प कडे गेलात की निघालात तिथेच पोचता. बंद आकृती कितीही बाजूंची असो, क्रमाने घेतलेल्या बाजूंची बेरीज ०⃗.

याहून सुरेख एक गोष्ट आहे. सुसम पंचकोनाच्या केंद्रापासून पाचही शिरोबिंदूंकडे सदिश काढा. त्यांची बेरीज किती? कॅल्क्युलेटर घेऊन ७२ अंशांच्या ज्या-कोज्या मांडता येतील, पण गरज नाही. सगळी आकृती केंद्राभोवती ७२ अंश फिरवा. प्रत्येक शिरोबिंदू शेजारच्याच्या जागी जातो, म्हणजे पाच सदिशांचा संच होता तसाच राहतो आणि त्यांची बेरीजही बदलत नाही. पण आकृती फिरली म्हणजे बेरजेचा बाणही ७२ अंश फिरायला हवा. फिरूनही न बदलणारा सदिश कोणता? ज्याला दिशाच नाही तो. म्हणून बेरीज ०⃗. वर जो 'दोष' म्हणून विचारला गेला होता, त्यानेच इथे सगळं काम केलं. सतरा बाजू असल्या तरी युक्तिवादातला फक्त कोन बदलतो.

आणि पाचांपैकी एक सदिश काढून टाकला तर उरलेल्या चारांची बेरीज? काढलेल्याच्या विरुद्ध सदिशाएवढी. स्पर्धा परीक्षांत हे फिरून फिरून येतं, कधी केंद्रावर ठेवलेल्या विद्युतप्रभाराच्या वेषात.

परिणामी बल शून्य म्हणजे वस्तूवर बलच नाही, असं का म्हणू नये?

टेबलावरच्या पुस्तकावर गुरुत्वबल खाली आणि टेबलाची प्रतिक्रिया वर अशी दोन बलं आहेत. बेरीज ०⃗ आहे, बलं आहेतच. टेबल मोडलं की कळतं.

परिणामी बल शून्य म्हणजे वस्तू स्थिर, हेही खरं नाही. न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार ती एकसमान वेगाने सरळ रेषेत जात असू शकते. शिवाय ती फिरायलाही लागू शकते: स्टिअरिंग दोन्ही हातांनी वळवताना एक हात वर ओढतो आणि दुसरा तेवढ्याच जोराने खाली. बलांची बेरीज ०⃗, तरी चाक फिरतं, कारण दोन्ही बलं एका रेषेत नाहीत. पूर्ण समतोलासाठी बलांची बेरीज आणि बल-आघूर्णांची (फिरवणाऱ्या परिणामांची, म्हणजे टॉर्कची) बेरीज दोन्ही ०⃗ हव्यात.

आणखी एक नेहमीची चूक. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी असताना त्याचा वेग ०⃗ असतो. त्वरण मात्र तेव्हाही खाली ९.८ मीटर प्रतिसेकंद वर्गच असतं. तेही शून्य झालं असतं तर चेंडू तिथेच राहिला असता.

हे सगळं परीक्षेबाहेर कुठे वापरतात?

सिव्हिलच्या पोरांना विचारा. बंद ट्रॅव्हर्सचा सर्व्हे करताना एका खुंटापासून निघून, प्रत्येक बाजूची लांबी आणि बेअरिंग (उत्तरेशी होणारा कोन) नोंदवत, परत त्याच खुंटावर येतात. प्रत्येक बाजूचा उत्तर-दक्षिण घटक आणि पूर्व-पश्चिम घटक काढला तर दोन्हींच्या बेरजा शून्य यायला हव्यात, म्हणजे बाजूंची सदिश बेरीज ०⃗ हवी. प्रत्यक्षात ती येत नाही. समजा एक बेरीज ०.०३ मीटर आली आणि दुसरी −०.०४ मीटर. मग क्लोजिंग एरर, म्हणजे या बेरीज सदिशाचं परिमाण, ०.०५ मीटर. परिमिती ५०० मीटर असेल तर ही चूक १०,००० त १ झाली. ती चालण्यासारखी असेल तर सगळ्या बाजूंवर वाटून टाकतात, नसेल तर पुन्हा उन्हात जाऊन मोजतात. शून्य सदिश इथे मोजणी तपासायचा गज आहे.

शून्य सदिशाचा एकक सदिश काढता येतो का? कॉम्प्युटर काय करतो?

काढता येत नाही. पायथनच्या नमपाय या गणिती लायब्ररीमध्ये शून्य सदिशाला त्याच्या लांबीने भागलं तर इशारा देऊन प्रत्येक घटकाच्या जागी 'संख्या नाही' अशी नोंद येते, आणि ती पुढच्या प्रत्येक हिशेबात शिरते. गेममध्ये खेळाडूने जॉयस्टिक सोडली की दिशेचा सदिश ०⃗ होतो. तो तसाच एकक करायला दिला की पात्र पडद्यावरून गायब झालंच. म्हणून युनिटी हे गेम इंजिन फार लहान सदिश एकक करायला दिला तर सरळ शून्य सदिश परत देतं.

दुसरी अडचण बारीक आहे. कॉम्प्युटरवर ०.१ + ०.२ − ०.३ याचं उत्तर शून्य येत नाही, दशांश चिन्हानंतर सोळा शून्यं आणि मग ५५ असं काहीतरी येतं. म्हणून 'हा सदिश ०⃗ आहे का' असं न विचारता 'याचं परिमाण अमुक मर्यादेपेक्षा लहान आहे का' असं विचारतात.

शून्य सदिश असलेला संच रेषीय अवलंबी का ठरतो?

कारण शून्य सदिशाला १ ने गुणा, बाकीच्यांना ० ने, आणि बेरीज करा: उत्तर ०⃗. निदान एक गुणक शून्येतर असतानाही ०⃗ मिळाला, आणि असा संच म्हणजेच अवलंबी. ०⃗ एकटा असलेला संचही याच कारणाने अवलंबी. म्हणून तो कुठल्याही आधारात (बेसिसमध्ये, म्हणजे अवलंबी नसलेल्या पायाभूत सदिशांच्या संचात) बसत नाही.

शून्य सदिशात नेहमी शून्यंच असतात का?

नाही! एक विचित्र पण पूर्णपणे कायदेशीर सदिश अवकाश बघा. सदिश म्हणून फक्त धन वास्तव संख्या घ्या. त्यांची 'बेरीज' म्हणजे नेहमीचा गुणाकार: २ आणि ५ यांची बेरीज १०. संख्या म ने 'गुणणं' म्हणजे म वा घात: ३ ने २ ला गुणलं तर ८. सगळे नियम तपासा, एकही मोडत नाही. इथे शून्य सदिश कोण? ज्याला मिळवून काही बदलत नाही तो, म्हणजे १. आणि ५ चा विरुद्ध सदिश १/५. संख्या ० या अवकाशात राहतच नाही. लॉगरिदम घेतलात तर हे सगळं नेहमीच्या संख्यारेषेवर उलगडतं आणि १ चा लॉग ० येतो, तेव्हा जादू काही नाही.

उपअवकाश (मोठ्या अवकाशातला, स्वतःही सदिश अवकाश असलेला भाग) तपासायचा झटपट मार्गही यातूनच मिळतो: आधी शून्य सदिश आत आहे का बघा. प्रतलात य = २क्ष ही रेषा उपअवकाश आहे. य = २क्ष + ३ नाही, कारण (०, ०) तिच्यावर नाही.

परिमाण शून्य असूनही शून्य सदिश नसलेला सदिश असतो का?

शाळा-कॉलेजच्या भूमितीत नाही. मिंकोव्स्की यांनी १९०८ मध्ये मांडलेल्या अवकाशकाळात मात्र असतो. तिथे 'लांबीचा वर्ग' काढताना काळाच्या वर्गातून अंतराचा वर्ग वजा होतो, त्यामुळे प्रकाशाच्या वाटेवरचा सदिश स्वतः शून्य नसताना त्याची लांबी शून्य येते. भौतिकशास्त्राच्या पुढच्या पुस्तकांत 'नल व्हेक्टर' हे नाव अशा सदिशांना देतात, तेव्हा एमएस्सीला गेल्यावर दचकू नका.

शून्य सदिशाचा विरुद्ध सदिश कोणता?

तोच. नेहमीच्या अवकाशात असा तो एकटाच, कारण अ = −अ असेल तर २अ = ०⃗, म्हणून अ = ०⃗. फक्त ० आणि १ या दोनच संख्यांवर चालणाऱ्या कोडिंग थिअरीत मात्र १ + १ = ० असल्यामुळे प्रत्येक सदिश स्वतःचाच विरुद्ध असतो.